एकशे सहासष्टचे दोनशे आठ

आमच्या घराची मागची भिंत आणि पिठाच्या गिरणीची भिंत एकच होती. सकाळी गिरणीचा पट्टा फिरायला लागला की मांडणीवरची पातेली किणकिणायची, दिवा क्षणभर पिवळा पडायचा आणि मग सावरायचा. दळण ज्वारीचं आहे की बाजरीचं हे आई आवाजावरून सांगायची आणि हुलगे असले तर वासावरून. ‘कुनाच्या तरी घरी आज शेंगोळी हायत,’ असं म्हणायची, आणि पुष्कळदा त्याच दिवशी आमच्याकडेही व्हायची. हुलग्याच्या पिठाच्या हातावर वळलेल्या वळ्या लसूण-मिरचीच्या रश्श्यात रटरटत असायच्या आणि तो वास दुपारपर्यंत घरातून जायचा नाही. पिठाचा एक बारीक थर मात्र बाराही महिने प्रत्येक वस्तूवर असे. घरात कॉम्प्युटर आला तेव्हा वहिनीला पहिली काळजी पडली ती या पिठाची. आईचं जुनं लुगडं कापून तिने मॉनिटरला एक, खालच्या डब्याला एक अशी दोन पांघरुणं शिवली. आई म्हणाली, ‘नातवाला शिवायची दुपटी हिनं मशिनीला शिवली.’ म्हणाली ती हसूनच, पण म्हणाली.

घरात आम्ही चौघं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, मी सातवीत असताना गेले. थोरला भाऊ सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होता. सकाळच्या एसटीने जायचा, दिवेलागणीला परतायचा. पारनेरातच मी, सुजाता, बारावी सायन्सला होते. आणि करुणा वहिनीला लग्न होऊन आमच्याकडे येऊन दीड वर्ष झालं होतं. ती नगरची. बी.ए. झालेली, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास, शिवाय लग्नाआधी एका छापखान्यात बसून कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी शिकलेली. भाऊने बघायला गेल्यावर तेच पाहिलं होतं. ‘शिकलेली पायजे,’ असं तो मित्रांत सांगत असे आणि तशी मिळाल्याचा त्याला अभिमानही होता. लग्नानंतर वर्षभराने त्याने नगरहून कॉम्प्युटर जोडून आणला. मॉनिटर एसटीत मांडीवर घेऊन आला होता; सुप्यापासून पुढे मांड्या बधिर झाल्या तरी त्याने तो खाली ठेवला नाही. तेव्हा पारनेरात अशी मशीनं मोजकी होती आणि आमच्या वस्तीत ही पहिलीच.

वहिनी मला ‘ताई’ म्हणायची. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण नणंद म्हणून ताई आणि तुम्ही. मी मात्र तिला सरळ एकेरी बोलायची. त्यात आम्हाला कोणालाच काही वावगं वाटत नसे.

तिच्याकडे लग्नपत्रिका यायच्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका यायच्या. पण त्या हिवाळ्यात खरं काम होतं ते गुरुजींचं. गुरुजी म्हणजे तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर पस्तीस वर्षं शाळा घेऊन निवृत्त झालेले आमच्याच समाजातले शिक्षक. उंच, किंचित वाकलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी आपल्या आईवर एक पुस्तक लिहिलं होतं. आई खडी फोडायच्या कामावर जायची, तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, आणि तिने यांना शिकवलं. शाळेच्या वह्यांत दोन्ही बाजूंनी लिहिलेला तो मजकूर घेऊन ते रोज सकाळी दहाला यायचे, लोखंडी खुर्चीवर बसायचे, चष्मा वर करून कागद नाकाजवळ धरायचे आणि वाचून दाखवायचे. वहिनी टाइप करायची.

पण नुसतं तसं होत नसे. वहिनी मध्येच थांबून विचारायची, ‘मग आई काय म्हणाल्या, गुरुजी?’ किंवा ‘त्या दिवशी घरात खायला काय होतं?’ गुरुजी कागद मांडीवर ठेवायचे आणि सांगू लागायचे. जे सांगायचे ते वहीत नव्हतं. वहिनी ते त्यांच्याच शब्दांत टाइप करत जायची. गुरुजींना ठाऊक असे की ती लिहून घेतेय, पण बोलता बोलता ते विसरायचे. असं करत वहीतलं एक पान मशीनवर अडीच-तीन पानांचं होई. एकदा मी आतल्या खोलीत गणितं सोडवत बसले होते तेव्हा ते धर्मांतराच्या वेळची गोष्ट सांगत होते. घरातले देवांचे टाक त्यांच्या आईने स्वतःच्या हाताने विहिरीत सोडले होते. सगळ्यांसोबत गेली, सोडले, परत आली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाल्यावर तिचे हात सवयीने रिकाम्या देवळीकडे गेले आणि ती तिथेच खाली बसून रडली. गुरुजी म्हणाले, ‘हे मी वहीत लिहिलं नाही. लोक म्हनतील म्हातारी कच्ची होती. कच्ची नव्हती ती. चाळीस वर्षं रोज ज्यांना न्हाऊ घातलं त्यांच्यासाठी रडली.’ वहिनीच्या बोटांचा आवाज थांबला होता. मग ती म्हणाली, ‘राहू द्या हे, गुरुजी. हे पाहिजे.’ आणि आवाज पुन्हा सुरू झाला. पुढेही ते बराच वेळ बोलले. मी ते नीट ऐकलं नाही. माझं लक्ष माझ्या गणितातही नव्हतं आणि त्यांच्याकडेही नव्हतं. मला राग येत होता.

कशाचा राग, हे आज सांगता येतं, तेव्हा आलं नसतं. घरात येणारा प्रत्येक माणूस वहिनीला विचारत यायचा. मशीनसमोरची खुर्ची तिची होती. मी बारावी सायन्सची, वर्गात पहिल्या तिघांत, आणि मला मशीनला हात लावायचा तर ‘वहिनी, बसू का?’ असं विचारावं लागे. ती कधीच नाही म्हणाली नाही. उलट स्वतः उठायची. पण विचारावं लागे. मग मी मनाशी ठरवलं की तिला फक्त मशीन वापरता येतं. आतलं जे आहे ते मला कळतं. कळत काहीच नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात एक इंग्रजी संगणक मासिक यायचं, ते शब्दकोश शेजारी ठेवून मी वाचायची, आणि भाऊने दिलेल्या स्क्रू ड्रायव्हरने महिन्यातून एकदा डबा उघडून आतलं पीठ ब्रशने काढायची. आई शेजारणींना सांगायची, ‘आमची पोर मशिनीचं पोट उघडती.’

त्या मासिकात एक लेख आला. प्रोसेसर ज्या वेगाचा म्हणून विकतात त्याहून जास्त वेगाने तो पळवता येतो, पैसा न घालता, नुसतं मदरबोर्डवरचे दोन-तीन जंपर इकडचे तिकडे करून. जंपर म्हणजे दोन बारीक पिनांवर बसणारं प्लास्टिकचं टोपण, तुरीच्या दाण्याएवढं. आमचं मशीन एकशे सहासष्ट मेगाहर्ट्झचं. बोर्डाला येणारा ठोका, म्हणजे क्लॉक, सहासष्टच्या किंचित वर आणि प्रोसेसर त्याच्या अडीचपट धावणारा. ठोका पंचाहत्तर केला की अडीचपटीने एकशे साडेसत्त्याऐंशी, मशीनच्या हिशोबात एकशे अठ्ठ्याऐंशी. त्र्याऐंशी केला तर दोनशे आठ. मला ते गणित इतकं सुंदर वाटलं की मी ते वहीच्या मागच्या पानावर तीन-चारदा मांडलं. लेखाच्या शेवटी एक परिच्छेद होता. ठोका फार वाढवला तर त्याच्याबरोबर हार्ड डिस्कशी बोलणारा मार्गही जास्त वेगाने धावतो आणि डिस्कवर लिहिलं जाणारं बिघडू शकतं, म्हणून आधी सगळ्याची प्रत काढून ठेवावी. मी तो परिच्छेद वाचला होता. शब्दकोशात एक शब्द बघूनही घेतला होता. वाचला नव्हता असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, म्हणून हे इथं स्पष्ट लिहून ठेवते.

एका दुपारी वहिनी आईबरोबर बाजाराला गेली. मी डबा उघडला. बोर्डाबरोबर आलेली पातळ पुस्तिका भाऊने मशीनच्या खोक्यातच ठेवली होती. तिच्यात कोणते जंपर कुठे याचा तक्ता होता. आईच्या भुवया काढायच्या चिमट्याने, म्हणजे खरं तर काटा काढायच्या चिमट्याने, मी पहिला जंपर उचलला. तो निसटून बोर्डाच्या खाली जाऊन बसला आणि डबा आडवा करून हलवावा लागला. शेजारी गिरणी चालू होती, त्यामुळे छातीत धडधडतंय की भिंत, हे कळत नव्हतं. पंचाहत्तर. डबा न मिटताच बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आकडा आला: एकशे अठ्ठ्याऐंशी. मी एकटीच ओरडले. आजवर मला मिळालेल्या कुठल्याही बक्षिसाने तसा आनंद दिला नाही. हे कबूल करायला लाज वाटते, पण ते खरं आहे.

मी कोणालाच सांगितलं नाही. मला वाटलं, वहिनीच्या लक्षात येईल. रोज सकाळी मशीन सुरू होताना तो आकडा दोन सेकंद दिसतो. ती बघेल, चकित होईल, विचारेल, आणि मग मी सांगेन. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कॉलेजला उशिरा निघाले. वहिनीने बटण दाबलं आणि ती केस बांधत उभी राहिली. आकडा आला, गेला. तिने पाहिलंच नाही. तासाभराने मात्र म्हणाली, ‘आज मशीन बरं पळतंय हो. पानं लवकर उघडतायत. ह्यांनी रविवारी पंखा पुसला ना, त्याचा फरक.’

पंखा भाऊने पुसला होता हे खरं होतं. मी दप्तर उचललं आणि निघाले. त्याच आठवड्यात पुन्हा एक मोकळी दुपार मिळाली आणि मी ठोका त्र्याऐंशी केला. दोनशे आठ.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी वहिनी पडद्याकडे वाकून बघत होती. एका पानाच्या मधोमध चार ओळी चौकोनांच्या आणि प्रश्नचिन्हांच्या झाल्या होत्या. ‘काल तर नीट होतं,’ ती म्हणाली. तिने त्या ओळी पुन्हा टाइप केल्या. दोन दिवसांनी दुसऱ्या फाइलमध्ये तसंच. कधी मशीन मध्येच गोठायचं. ती प्रत्येक वेळी स्वतःच्याच हातांकडे बघायची. ‘माझंच कायतरी चुकीचं बटण दाबलं जातंय का, ताई?’ मी म्हटलं, ‘असेल.’

असेल. एवढंच म्हटलं मी.

मला शंका आली नव्हती का? आली होती. पण ती आली की मी दुसरं काहीतरी समोर धरायची. गिरणीमुळे व्होल्टेज पडतं. दोनदा लाइट गेली होती. पीठ आत जातं. आणि जंपर परत फिरवायचे म्हणजे दोनशे आठचा आकडा घालवायचा. तो तर एकट्या माझा होता. अशा दोन-अडीच आठवड्यांनंतर एका सोमवारी मशीन सुरूच होईना. निळा पडदा, डिस्क तपासणी, आणि तपासणी अर्ध्यावर येऊन थांबणार. शेवटी ते कसंबसं सुरू झालं तेव्हा गुरुजींच्या पुस्तकाच्या अकरा फाइलींपैकी दोन उघडल्या. बाकीच्या उघडतच नव्हत्या, किंवा उघडल्या तर त्यांत नुसता कचरा. वहिनी शांतपणे उठली आणि कपाटातून फ्लॉपींची डबी घेऊन आली. ती व्यवस्थित बाई होती. रोज काम संपलं की फाइली फ्लॉपीवर उतरवून ठेवायची. पण त्याच फ्लॉपींवर, कालच्या फाइलीवर आजची. बिघडलेलं रोजच्या रोज चांगल्यावर लिहिलं गेलं होतं. तिने एकेक फ्लॉपी घालून पाहिली. फ्लॉपी वाचतानाचा तो घर्रघर्र आवाज मला अजून सहन होत नाही. शेवटची काढल्यावर ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘गुरुजींना काय सांगू आता?’

भाऊने नगरच्या मेकॅनिकला निरोप पाठवला. तो परवा येणार असं कळलं. मधल्या दिवशी दुपारी वहिनी डोकं दुखतं म्हणून पडली होती तेव्हा मी डबा उघडला आणि जंपर पहिल्या जागी बसवले. या वेळी एकही निसटला नाही. मी त्यांच्याभोवतीचं पीठसुद्धा सारखं केलं, हालचाल दिसू नये म्हणून.

मेकॅनिक आला, चहा प्याला, दोन तास बसला. मशीन त्याच्यासमोर एकदाही अडकलं नाही. तो म्हणाला, ‘हार्डवेअर तर ओके आहे.’ मग डबा उघडून टॉर्च मारत सहज विचारलं, ‘आत कोणी हात घातला होता का?’

आई दारात गहू निवडत होती. ती म्हणाली, ‘आमची पोर पुसती कवाकवा. बाकी न्हाई कोन.’

त्याने माझ्याकडे पाहिलं. भाऊनेही पाहिलं, पण त्याच्या नजरेत संशय नव्हता, मला सगळं माहीत असेल असा विश्वास होता. मी म्हटलं, ‘नाही. धूळ फक्त.’

‘मग शटडाऊन नीट होत नसणार. लाइट जाते, किंवा डायरेक्ट बटण बंद करतात बायका. त्याने होतं असं.’

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. ती चहाचे कप गोळा करत होती. ‘दोनदा लाइट गेली होती,’ ती म्हणाली, ‘पण एरवी मी नीटच...’ आणि थांबली. मला वाटतं त्या क्षणी तिलाही खरंच वाटलं की एखाद्या दिवशी आपण तसंच बंद केलं असेल. ज्याला इतके लोक बघतात त्याला आपलीच आठवण खोटी वाटू लागते. आई म्हणाली, ‘मशीनच हाय, बाई. भाकरी तव्यावर ठेवल्यावानी ध्यान ठिवावं लागतंय.’ भाऊ मेकॅनिकला एसटीपर्यंत सोडून आला आणि वहिनीला घेऊन आतल्या खोलीत गेला. दार लोटलेलं होतं. गिरणी चालू होती. आतलं काही ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर तो सगळ्यांना म्हणाला, ‘इथून पुढं मशीन चालू करायचं आणि बंद करायचं सुजाताने. दुसऱ्या कुनी न्हाई.’ वहिनी चुलीपाशी जाऊन बसली होती. त्या दिवशी शेंगोळी होती. ती जेवली नाही.

गुरुजींना तिनेच सांगितलं. ते आले, वही पिशवीतून काढायला लागले, तेव्हा तिने हात जोडून, उभ्याने सांगितलं, ‘गुरुजी, माझ्या हातून सगळं गेलं.’ मी आत होते. माझ्या हातून, असं ती म्हणाली. गुरुजींनी अर्धी काढलेली वही पुरती बाहेर काढली. मग म्हणाले, ‘पोरी, कागद आहेत ना? कागद आहेत तर पुस्तक आहे. रडायचं काय त्यात? पुन्हा करू.’

पुन्हा केलं. मी सकाळी मशीन सुरू करून द्यायची आणि कॉलेजला जायची. अडकणं बंद झालं होतं, आणि ते माझ्यामुळे, असा सगळ्यांचा समज झाला. सुजाताने हात लावला आणि मशीन सुधारलं! भाऊ कारखान्यात सांगायचा. आई गिरणीत सांगायची. गुरुजी पूर्वीसारखेच दहाला येत, पण आता वहीतलं वाचत आणि पान उलटत. वहिनीही काही विचारत नसे. तिला आता फक्त चुकायचं नव्हतं. सुट्टीच्या एका दिवशी मी घरात असताना ते धर्मांतराच्या पानावर आले. वहीत तिथे सहा-सात ओळी होत्या. वहिनीने त्या टाइप केल्या आणि हळूच विचारलं, ‘गुरुजी, ते टाकांचं? देवळीपाशी बसल्या ते?’

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. ‘असू दे आता,’ म्हणाले. ‘एकदा बोलून झालं ते. दुसऱ्यांदा बोललं की खोटं वाटतं.’

पुस्तक उन्हाळ्यात निघालं. साठ-बासष्ट पानांचं, पिवळ्या पुठ्ठ्याचं. प्रस्तावनेच्या शेवटी गुरुजींनी आभार मानले होते. अक्षरजुळणीसाठी सौ. करुणा हिचे, आणि ‘ऐनवेळी बिघडलेला संगणक आपल्या बुद्धीने दुरुस्त करून देणारी चि. सुजाता हिचे विशेष कौतुक.’ एक प्रत त्यांनी माझ्या हातात दिली, डोक्यावर हात ठेवला आणि भाऊला म्हणाले, ‘हिला इंजिनिअर कर. मागं ठेवू नको.’ माझ्या बारावीच्या निकालापेक्षा त्या एका वाक्याचं वजन घरात जास्त पडलं. मला बाहेर शिकायला पाठवण्याबद्दल आईचं मन होत नव्हतं. गुरुजी म्हणाल्यावर तिने विरोध सोडला. मी शिकले. आज मी एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवते. माझ्या नोकरीच्या, माझ्या घराच्या पायाशी काय आहे ते मला माहीत आहे.

वहिनीने त्या पुस्तकानंतर काम घेणं बंद केलं. कोणी पत्रिका घेऊन आलं तर ‘आता जमत नाही’ म्हणायची. पुढच्या वर्षी मुलगा झाला, मग मुलगी. मशीन लुगड्याच्या पांघरुणाखाली पडून राहिलं आणि एक दिवस भंगारात गेलं. भाऊ म्हणायचा, ‘हिला आवडच न्हाई राहिली.’

मी सांगितलं ते जवळजवळ बारा वर्षांनी. तोवर एका डब्यात दोन-दोन गाभ्यांचे प्रोसेसर आले होते. आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने तसल्या एका मशीनचा वेग वाढवला आणि मला न विचारता, न लपवता, उलट उड्या मारत सांगायला आला. ‘मॅडम, दोन्ही कोअर किती पळतायत बघा!’ नवशिका होता. आता जंपर लागत नाहीत, पडद्यावरच आकडे बदलता येतात. मी त्याच्यावर अशी ओरडले की शेजारच्या वर्गातून सर धावत आले. त्याने काहीही बिघडवलं नव्हतं. त्याचा चेहरा पडलेला बघितला आणि त्या शनिवारी मी पारनेरची गाडी पकडली.

वहिनी ओट्याशी भाकरी थापत होती. गिरणी तेव्हा बंद पडली होती, घर फार शांत वाटत होतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जंपर, आकडा, शेवटचा परिच्छेद, पीठ सारखं केलं ते. तिला जंपर म्हणजे काय ते कळलं नसावं, बाकीचं कळलं. हातातली भाकरी तिने तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगू दिली. मग गॅस बंद केला.

‘गुरुजींना सांगितलं होतं तुम्ही?’

गुरुजींना जाऊन पाच वर्षं झाली होती. मी नकारार्थी मान हलवली.

‘मी रोज आठवून बघायची, ताई,’ ती म्हणाली. ‘कोणत्या दिवशी तसंच बंद केलं असेल. भांडी घासताना, पोराला पाजताना. सोमवारी का, शनिवारी का. सापडायचंच नाही.’ ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ‘तेव्हा सांगितलं असतं ना तुम्ही, तर मी दोन दिवस बोलले नसते तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी बोलले असते. एवढंच झालं असतं.’

मी पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतले. ‘नको. आणि ह्यांना मी सांगणार नाही. ते तुमचं काम आहे. तुम्ही सांगा.’

मी भाऊला सांगितलं नाही. त्या शनिवारी नाही, त्या वर्षी नाही, आई गेली तेव्हा नाही. वहिनी माझ्याशी बोलते, दिवाळीला डबा पाठवते, मुलांची लग्नं आम्ही दोघींनी मिळून केली. तिने एकदाही आठवण करून दिली नाही, पण मी गेले की दर वेळी ती त्याची वाट बघते हे मला दिसायचं. पन्नाशी जवळ आल्यावर हे लिहायला घेतलं ते त्यासाठीच. तोंडाने झालं नाही म्हणून कागदावर.

गेल्या महिन्यात हे लिहिलेलं मी भाऊला वाचायला दिलं. तो आता निवृत्तीला आलाय, केस पिकलेत. ओसरीवर खुर्ची टाकून त्याने पानं मांडीवर घेतली. मी समोर बसले. त्याने सावकाश वाचलं, काही पानं दोनदा. संपल्यावर तो माझ्यावर रागावेल अशी तयारी मी केली होती. तो बराच वेळ पानं सारखी करत राहिला.

‘त्या दिवशी आतल्या खोलीत मी तिला काय बोललो, ते ह्यात न्हाई,’ म्हणाला.

‘मला ऐकू आलं नव्हतं, भाऊ.’

‘मी म्हनलं, शिकलेली म्हनून तुला केली, आन हेच शिकलीस का?’ त्याने पानं बाजूला ठेवली. ‘एवढंच म्हनलो. ती काय बोलली न्हाई. मग तिनं मशिनीला हात लावला न्हाई आन मी म्हनत फिरलो, हिला आवड न्हाई.’

आत वहिनीच्या हालचालीचा आवाज येत होता. भाऊ उठला. दारापाशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘त्ये पन लिही.’ आणि आत गेला.

लिहिलं आहे.